डिस्कची रोजकीर्द

माझ्या आयुष्याचीं छत्तीस वर्षें दुसऱ्यांच्या वह्या तपासण्यांत गेलीं. हिशेबतपासनिसाचा धंदा असा आहे, कीं त्यांत माणसाचा स्वभाव हळूहळू संशयी बनत जातो आणि निवृत्तीनंतरहि ती खोड सुटत नाहीं. वाण्याची यादी असो, मंगल कार्यालयाचें बिल असो किंवा सोसायटीचा वार्षिक अहवाल असो. बेरजेखालीं कोणीं ‘बरोबर’ असें लिहिलेलें दिसलें, कीं माझी नजर आपोआप वरच्या आंकड्यांकडे वळते. ‘बरोबर’ हा शब्द कोणालाहि लिहितां येतो. आंकडे मात्र कोठून तरी यावे लागतात. घरांतील मंडळी या खोडीची थट्टा करतात. परंतु गेल्या वैशाखांत आमच्या घरीं जो अनर्थ ओढवला, तो मीं या खोडीस महिनाभर सुट्टी दिल्यामुळें ओढवला, म्हणून ती हकीगत सांगण्याचें योजिलें आहे.

सदाशिव पेठेंतील आमचा वाडा पाडून त्या जागीं इमारत उभी राहिली, तेव्हां माळ्यावरच्या पेट्यांतून आजोबांच्या घरखर्चाच्या वह्या, कांहीं मोडी कागद आणि आईच्या आवाजाच्या अकरा कॅसेटी निघाल्या. आई १९८९ सालीं गेली. त्यापूर्वीं दोन वर्षें माझ्या धाकट्या बंधूनें तिला टेपरेकॉर्डरसमोर बसवून श्रावणांतल्या कहाण्या सांगावयास लाविलें होतें. कहाणी रंगांत आली असतां मध्येंच ती ‘अग, दूध उतूं जाईल!’ म्हणून ओरडते, एखाद्या नातवाला दटावते, आणि पुन्हां ‘तर मग काय झालें’ म्हणून कथेचा धागा उचलते. खरें सांगावयाचें तर कहाण्यांपेक्षां आम्हांस तीं मधलीं वाक्येंच अधिक प्रिय.

२०२० सालच्या टाळेबंदींत माझा पुतण्या व सूनबाई यांनीं मिळून हें सर्व घरच्या संगणकावर उतरविलें. वह्यांचें पान न् पान छायाचित्रांत आलें, कॅसेटींतला आवाज डिस्कवर आला. कॅसेटींना बुरशी लागली होती. ‘आतां ह्या कशाला ठेवावयाच्या?’ असें म्हणून त्या टाकून देण्याची आज्ञा मींच केली, हें कबूल करणें भाग आहे. दुसरी प्रत काढून ठेवावी असें सर्वांनीं सर्वांना सांगितलें होतें. आणि एकत्र कुटुंबांत जें काम सर्वांचें असतें त्याचें काय होतें, हें वाचकांस सांगावयास नको.

गेल्या फाल्गुनापासून तो संगणक मंदावला. आजोबांच्या वहीचें एक पान उघडावयास सांगावें आणि तें दिसेपर्यंत चहा निवावा, अशी स्थिति आली. दुरुस्तीवाल्या एका गृहस्थास बोलाविलें. त्यानें एक कार्यक्रम चालविला. पडद्यावर हिरव्या अक्षरांत डिस्कची प्रकृति ‘ठीक’ असल्याचा निर्वाळा उमटला. ‘डिस्कला कांहीं झालेलें नाहीं, यंत्र जुनें झालें,’ असें सांगून आणि आपले पैसे घेऊन तो निघून गेला. त्यानंतर महिनाभर रोज सकाळीं मी तो हिरवा शब्द पाहत असें आणि निश्चिंत होत असें. छत्तीस वर्षें ज्यानें दुसऱ्यांचें ‘बरोबर’ कधीं मानलें नाहीं, त्यानें एका हिरव्या शब्दापुढें मान तुकविली!

माझा पुतण्या साठवणुकीच्या संगणकशास्त्रांतला. या विषयावर काम करणारे अभियंते आपल्या शहरांत शेंकड्यांनीं आहेत, त्यांतला तो एक. एका रविवारीं तो जेवावयास आला असतां मीं सहज तक्रार केली. हात धुवून तो संगणकापुढें बसला. त्या हिरव्या शब्दाकडे त्यानें पाहिलेंहि नाहीं. त्यानें एक काळी चौकट उघडली, चार शब्द टंकिले, आणि पडद्यावर आंकड्यांची एकच ओळ आली. ना रकान्यांचीं नांवें, ना रंग, ना शेरा.

“काका, ही तुमच्या डिस्कची रोजकीर्द,” तो म्हणाला.

या ओळीचा थोडा खुलासा केला पाहिजे. आपण संगणकावर जें वाचतों किंवा लिहितों, त्याचा डिस्कशीं परभारें संबंध येत नाहीं. मध्यें कार्यप्रणालीचा गाभा असतो, त्यास कर्नेल म्हणतात. जुन्या वाड्यांत कोठीच्या किल्ल्या जशा एकाच दिवाणजीपाशीं असत, तसेंच हें. कोणासहि कांहीं हवें असेल तर त्यानें कर्नेलकडे मागावें, कर्नेलनें तें डिस्ककडून आणवून द्यावें. साहजिकच कोणीं किती मागितलें, किती आलें, किती वेळ लागला, याची खरी माहिती त्याच्याएवढी दुसऱ्या कोणापाशीं नसते. प्रश्न एवढाच, कीं त्यानें ती आपणांस कोणत्या रूपांत दाखवावी. आमच्या संगणकावर लिनक्स आहे. त्यांत ‘सिस’ नांवाचा एक कप्पा असून त्याच्या पोटांत प्रत्येक डिस्कच्या नांवानें ‘स्टॅट’ म्हणून एक फाइल असते. ती खरोखर कोठेंच लिहिलेली नसते. आपण उघडली, कीं कर्नेल त्या क्षणाचे आंकडे आपल्यापुढें मांडतें. किती वाचनें पुरीं झालीं, त्यांतलीं शेजारशेजारचीं किती एकत्र केलीं, किती सेक्टर वाचले, वाचण्यांत किती मिलिसेकंद गेले. मग लिहिण्याचे असेच चार रकाने. मग या क्षणीं किती कामें हातांत आहेत, डिस्क एकूण किती वेळ कामांत होती, आणि सर्व कामांचा मिळून किती काळ झाला. असे हे मूळचे अकरा रकाने. सेक्टर म्हणजे ५१२ बाइट, मग डिस्कच्या आंत कोणतेंहि माप चालत असो. हातांतल्या कामांचा रकाना तेवढा खालींवर होतो. बाकीचे यंत्र सुरू केल्यापासून चढतच जातात.

पुतण्यानें दहा सेकंदांच्या अंतरानें ती ओळ दोनदां घेतली आणि मला कागद-पेन्सिल दिली. मीं वजाबाक्या केल्या. दहा सेकंदांत वाचनें झालीं ४० आणि त्यांत वेळ गेला ९,६०० मिलिसेकंद. म्हणजे दर वाचनास २४० मिलिसेकंद. आमची डिस्क मिनिटास ७,२०० वेळां फिरणारी. तिचा एक फेरा आठ-सव्वाआठ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा सरासरीनें अर्ध्या फेऱ्यांत समोर येते, आणि तत्पूर्वीं वाचणारा कांटा त्या वर्तुळावर न्यावयास आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. म्हणजे बारा-तेरांत उरकावयाच्या कामास २४०! पाणी आणावयास गेलेला माणूस वीसपट वेळानें परत येतो, तेव्हां वाटेंत तो कांहीं तरी लपवीत असतो. डिस्क एकेक जागा पुन्हां पुन्हां वाचून पाहत होती आणि कसेंबसें वाचलेलें पुढें देत होती.

“मग ‘ठीक’ कोणी म्हटलें?” मीं विचारलें.

तें डिस्कनेंच म्हटलें होतें. डिस्कच्या आंत तिची स्वतःची एक नोंदवही असते. कोणता आंकडा किती झाला म्हणजे प्रकृति बिघडली समजावयाचें, ती मर्यादा डिस्क करणारे कारखानदार ठरवितात, आणि ती ओलांडेपर्यंत उत्तर ‘ठीक’ असेंच येतें. पुतण्यानें ती वही सविस्तर मागविली, तेव्हां वाचतां न आल्यामुळें टांगणीला लागलेल्या सेक्टरांचा आंकडा शेंकड्यांत निघाला. तरी शेरा ‘ठीक’! २००७ सालीं गूगलच्या तीन संशोधकांनीं एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांत मोडलेल्या डिस्कांपैकीं निम्म्याहून अधिक डिस्कांनीं, मोडण्याचीं म्हणून जीं चार प्रबळ चिन्हें समजलीं गेलीं, त्यांतलें एकहि मोडण्यापूर्वीं दाखविलें नव्हतें. आरोपीच्याच जबानीवर निकाल देणारें न्यायालय आम्हीं घरांत बसविलें होतें, दुसरें काय?

त्या रात्रीं डिस्कवरील मजकूर दुसरीकडे उतरविण्याचें काम लावून आम्ही सारे पुढच्या खोलींत बसलों. काम चालूं असतां यंत्रास हात लावावयाचा नव्हता. म्हणून गोष्टी निघाल्या त्या त्या ओळीच्याच.

सूनबाई डॉक्टर आहे. तिला माझा उत्साह पटला नाहीं. ती म्हणाली, “बाबा, मी रुग्णापुढें रक्ताचे सगळे आंकडे वाचीत बसत नाहीं. ‘बरें आहे’ किंवा ‘जपा’ एवढेंच सांगतें. घरोघरच्या माणसांनीं वजाबाक्या कराव्यात अशी अपेक्षा कशी धरावी? कर्नेललाच सारें माहीत आहे तर त्यानेंच सांगावें, डिस्क बरी आहे कीं नाहीं.” हा आक्षेप लहान नाहीं. मीं स्वतः महिनाभर हिरव्या शब्दावर काढला होता, तेव्हां मला तर तोंडच नव्हतें. पुतण्या म्हणाला, “वहिनी, तूं सांगतेस तें बरोबर, पण प्रयोगशाळेनें आंकडे न कळवितां नुसतें ‘बरें आहे’ एवढेंच कळविलें, तर तूं औषध लिहिशील का? कर्नेल प्रयोगशाळेच्या जागीं आहे, डॉक्टरच्या नव्हे.” ती गप्प झाली, तरी तिचें समाधान झालें असें मला वाटलें नाहीं, आणि पडद्यावरील शेरा वाचूनच ज्यांस चालावें लागतें अशीं माणसें फार आहेत, हें तिचें म्हणणें मी आजहि खोडूं शकत नाहीं.

मग पुतण्यानें आपला स्वतःचा संगणक काढला. त्यांत फिरणारी तबकडी नाहीं, नव्या तऱ्हेची एसएसडी आहे. तिच्यावर मुद्दाम भार टाकून त्यानें पुन्हां दहा सेकंदांच्या दोन ओळी घेतल्या. वाचनें ६०,०००, वाचण्यांत गेलेला वेळ ३०,००० मिलिसेकंद. मीं पेन्सिल खालीं ठेविली. दहा सेकंदांत तीस सेकंदांचा खर्च! अशी वही माझ्यापुढें आली असती तर मीं तीवर लाल शाईनें शेरा मारला असता.

आमचें कुटुंब इतका वेळ शेंगा सोलीत बसलें होतें. “त्यांत काय नवल?” ती म्हणाली. “स्वयंपाकघरांत आम्ही तिघी जावा असलों, म्हणजे तासाभरांत तीन तासांचें काम होतें कीं नाहीं?”

एसएसडीचें तसेंच आहे. ती एका वेळीं अनेकांचीं कामें हातीं घेते. आतां गंमत पाहा. सेबॅस्टियन गोदार नांवाच्या फ्रेंच गृहस्थानें लिहिलेला ‘आयओस्टॅट’ नांवाचा कार्यक्रम याच आंकड्यांवरून डिस्क शेंकडा किती वेळ कामांत होती तें काढून दाखवितो. आमच्या मरणोन्मुख डिस्कचें उत्तर आलें ९७, आणि पुतण्याच्या ठणठणीत एसएसडीचेंहि ९७! एके काळीं डिस्क एका वेळीं एकच काम करी, तेव्हां शेंकडा ९७ म्हणजे ‘आतां आणखी कांहीं मागूं नका’ असा अर्थ होत असे. आतां तो उरला नाहीं. चूल सकाळभर पेटलेली होती, एवढ्यावरून आणखी चार पानें वाढतां येतील कीं नाहीं हें कसें कळावें? त्यास आंत किती जणी होत्या, किती पानें झालीं आणि दर पानास किती वेळ लागला, हे निरनिराळे आंकडे हवेत. त्याच कार्यक्रमांत पूर्वीं दर कामास लागलेल्या सेवाकालाचा म्हणून एक रकाना होता. नव्या डिस्कांपुढें तो निरर्थक ठरला. तेव्हां ‘यावर विश्वास ठेवूं नका’ असा इशारा प्रथम माहितीपत्रकांत आला आणि पुढें तो रकानाच काढून टाकण्यांत आला. काढतां आला, कारण तो बाहेरच्या कार्यक्रमांत होता. कर्नेलनेंच तसलें गणित करून दाखविलें असतें तर? कर्नेलनें एकदां जें बाहेर दाखविलें, त्यावर हजारों कार्यक्रम विसंबतात, आणि त्यांचा विश्वासघात करावयाचा नाहीं असा लिनक्सकर्त्यांचा कडक दंडक आहे. चुकीचें अनुमान मग कायमचें घरांत राहिलें असतें, जांवयासारखें.

म्हणूनच कीं काय, जुने रकाने त्यांनीं जागचे हालविले नाहींत. २००३ सालच्या डिसेंबरांत २.६ ही आवृत्ति निघाली, तेव्हांपासून ते त्याच क्रमानें चालत आले आहेत. नको झालेली जागा डिस्कला कळविण्याच्या कामाचे चार रकाने २०१८ सालीं आणि मजकूर कायमचा लिहून टाकण्याच्या आज्ञांचे दोन रकाने २०२० सालीं वाढले; ते उजव्या हातास जोडले गेले. वही राखण्याची ही रीत मला मनापासून आवडली.

आणखी एका गोष्टीनें तर मला माझ्या नोकरीचे दिवस आठवले. ‘सिस’ कप्प्यांत सर्वसाधारण नियम असा, कीं एका फाइलींत एकच आंकडा असावा. डिस्कच्या आंकड्यांपुरता तो नियम मोडला आहे. कारण कर्नेलच्या कागदपत्रांत दिलें आहे: आंकडे निरनिराळ्या फाइलींत ठेविले तर ते सर्व एकाच क्षणाचे आहेत याची हमी देतां येणार नाहीं. मीं हें ऐकलें आणि खुर्चींत सरसावून बसलों. आम्ही अचानक रोकड तपासावयास जात असूं, तेव्हां पहिलें काम काय, तर शाखेंतील सगळ्या तिजोऱ्यांना एकदम सील. एकीची रोकड मोजीत असतां दुसरी उघडी राहिली, कीं तेच रुपये दोन्हींकडे मोजले जातात. मोजलेली प्रत्येक रक्कम खरी, आणि सगळा ताळा खोटा! हें तत्त्व त्या लोकांस कोणीं शिकविलें असेल तें असो.

पुण्याच्या माणसास यांत परकें कांहीं नाहीं. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरांत फडावर रोजकीर्द लिहिली जाई; जें जसें घडलें तें त्या तारखेस. तिच्यावरून खातेवार जमा, खर्च व शिल्लक यांचा तर्जुमा तयार करण्याचें काम एकबेरीज दफ्तर या निराळ्या खात्याकडे असे. लिहिणारा वेगळा, सार काढणारा वेगळा. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या अवधींत पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग छापले आणि संशोधकांस मूळ कागद घरबसल्या दिसूं लागले. नुसते तर्जुमेच उरले असते, तर तर्जुमा करणाऱ्या कारकुनांस जे प्रश्न सुचले होते, तेवढेच आज आपणांस विचारतां आले असते. आमच्या डिस्कसंबंधीं दर वाचनास किती वेळ लागला हा प्रश्न मला त्या रविवारीं सुचला. तो आधींपासून ठाऊक असण्याची गरज कर्नेलला पडली नाहीं. मागचे-पुढचे आंकडे त्यानें दिले, एवढ्यावर माझें काम झालें. कर्नेलनें रोजकीर्द लिहावी, ताळेबंद बाहेर व्हावा, असें माझें मत बनलें तें येथें.

पुतण्या प्रामाणिक आहे. मी फार स्तुति करूं लागलों, तेव्हां त्यानेंच दोष सांगितले. हे आंकडे टिपतांना कर्नेल कुलूप लावीत नाहीं. संगणकाचे अनेक प्रोसेसर आपापल्या पाटीवर टिपतात आणि विचारणारा आला म्हणजे पाट्यांची बेरीज होते. तींत एखाददुसऱ्याचा फरक पडूं शकतो. एवढें मीं मान्य केलें. गर्दींत प्रत्येक कारकुनाला एकाच वहीपुढें रांगेंत उभें केलें तर व्यवहारच थांबेल. पण पुढची गोष्ट मला झोंबली. २०१९ सालच्या मार्चांत ५.० ही आवृत्ति निघाली, तींत ‘डिस्क किती वेळ कामांत होती’ हा रकाना मोजण्याची रीत बदलली. जलद डिस्कांपुढें नेमकें मोजणें फार खर्चाचें होऊं लागलें, म्हणून तो वेळ अदमासें धरूं लागले. रकान्याची जागा तीच, नांव तेंच, आणि आंतलें माप निराळें! कागदपत्रांत तसा खुलासा आहे हें खरें. पण ओळ वाचणाऱ्यास तो ओळींत दिसत नाहीं. “अशा वेळीं जुना रकाना बंद करून नवा काढावयाचा, त्याच मथळ्याखालीं दुसरें माप घालावयाचें नाहीं,” असें मीं त्यास जरा चढ्या आवाजांत सांगितलें. “मग जुने कार्यक्रम मोडतील, काका,” तो म्हणाला. हा वाद आमच्यांत अद्याप मिटलेला नाहीं.

उतरवून घेण्याचें काम तीन रात्री चाललें. आजोबांच्या वह्या जवळजवळ सर्व आल्या. १९३८ सालच्या वहींतलीं कांहीं पानें तेवढीं गेलीं. कॅसेटींपैकीं नऊ पुऱ्या निघाल्या. दहावी अर्ध्यावर तुटते. अकराव्या कॅसेटीचा एक शब्दहि वाचतां आला नाहीं. महिनाभर आधीं काम सुरू केलें असतें तर ती निघाली असती का, हें मीं पुतण्यास एकदां विचारलें. त्यानें उत्तर देण्याचें टाळलें, आणि मीं पुन्हां विचारलें नाहीं. त्या कॅसेटींत काय होतें यावर आतां आमच्यांत एकमत नाहीं. बंधु म्हणतो शुक्रवारची कहाणी होती. मला वाटतें आईनें माहेरच्या गोष्टी सांगितल्या होत्या.

नव्या डिस्कची ती ओळ आतां रोज रात्रीं दोन वाजतां आपोआप एका फाइलींत उतरते. दर सोमवारीं मी वजाबाक्या करून एका कापडी बांधणीच्या वहींत लिहितों. दुसरी प्रत नाशिकास बहिणीकडे पाठविली. ती पोंचल्याचा तिचा परवां फोन आला. “सगळें ठीक आहे रे, दादा,” ती म्हणाली. मीं तिला म्हटलें, “ठीक असो, आंत एकूण फाइली किती दिसतात तेवढें मोजून सांग. मी थांबतों.”